कपाटातला दिवा

माझे मामा बोटीवर होते. कोकणात एवढे सांगितले की पुढचे सारे समजते: वर्षातून एकदा घरी येणारा माणूस, त्याच्या ट्रंकेतून निघणारे साबण आणि चॉकलेटे, आणि आम्हा भाचरांसाठी एका पाकिटात जपून आणलेली परदेशी तिकिटे. १९७७ च्या सुमारास, मी सहावीत असताना, त्या पाकिटातून एक तिकीट निघाले, ज्यावर देशाच्या नावाच्या जागी 'कॅनाल झोन' असे छापले होते. मी शाळेचा नकाशासंग्रह उघडून ते नाव शोधले, भूगोलाच्या सरांनाही विचारले, पण असा देश काही सापडला नाही. शेवटी मामांनाच विचारले तेव्हा ते म्हणाले, "देश नाही गो तो. पनामाच्या कालव्याच्या दोन्ही अंगांना अमेरिकन लोकांची कॉलनी आहे. त्यांचीच शाळा, त्यांचंच दुकान, त्यांचंच पोस्ट. तुमच्या धरणाच्या कॉलनीसारखी, पण मोठी."

आमची कॉलनी म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याशी उभ्या राहिलेल्या एका धरणप्रकल्पाची वसाहत. वडील तिथे ओव्हरसिअर होते. मामांची उपमा मला तेव्हा पटली आणि नंतर मी ती साफ विसरून गेले. ती पुन्हा आठवायला चाळीसएक वर्षे आणि फ्लोरिडातले गेन्सव्हिल हे गाव लागले.

इथे आमच्या शेजारी एक वृद्ध बाई राहतात. त्यांनी आयुष्यभर शाळेत शिकवले, त्यामुळे मी मनातल्या मनात त्यांना 'बाई'च म्हणते आणि इथेही तसेच म्हणणार आहे. त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले, तेव्हा कपड्यांच्या कपाटाच्या बंद दाराच्या फटीतून भर दुपारी पिवळा उजेड दिसत होता. दिवा चुकून राहिला असेल असे वाटून मी तो मालवायला निघाले, तर बाई हसून म्हणाल्या, "राहू दे. तो विझवायचा नसतो." मग आपण मूळच्या कुठल्या, असे मी रीतीप्रमाणे विचारले. "कॅनाल झोनची," त्या म्हणाल्या, आणि पुढचे स्पष्टीकरण द्यायची त्यांची तयारी चेहऱ्यावर दिसू लागली; ते त्यांना गेली कित्येक वर्षे प्रत्येक नव्या माणसाला द्यावे लागत असणार. मी म्हटले, "माझ्याकडे तुमच्याकडचं तिकीट आहे." त्या दिवसापासून आमचे जमले.

त्यांना जे स्पष्टीकरण द्यावे लागले नाही, ते वाचकांसाठी मला द्यायला हवे. ३ नोव्हेंबर १९०३ रोजी पनामा कोलंबियापासून फुटून निघाला आणि त्यानंतर पंधरवड्यातच, १८ नोव्हेंबरला, अमेरिकेशी एक करार झाला. पनामाच्या वतीने त्यावर सही करणारा माणूस पनामाचा नव्हता. तो बुनो-व्हारिया नावाचा फ्रेंच अभियंता होता. या कराराने अमेरिकेला समुद्रापासून समुद्रापर्यंत दहा मैल रुंदीचा पट्टा कायमचा मिळाला, आणि तिथे आपण सार्वभौम असल्यासारखे वागण्याची मुभाही मिळाली. १५ ऑगस्ट १९१४ रोजी 'अँकॉन' ही बोट कालव्यातून पार झाली. त्याआधीच, १९१२ च्या अखेरीस निघालेल्या एका आदेशाने, पट्ट्यातली जुनी गावे रिकामी करायला सुरुवात झाली होती. काही गावे गातून धरणाच्या जलाशयाखाली गेली आणि काही नुसत्या हुकुमाखाली. मोकळ्या झालेल्या जागी हिरवळ, पामची झाडे आणि एका छापाची घरे असलेली कालव्याच्या कर्मचाऱ्यांची गावे वसली: बाल्बोआ, अँकॉन, गांबोआ, गातून, क्रिस्तोबाल.

या गावांची गंमत अशी, की तिथे कुणाचेही काहीही नव्हते. घर सरकारचे, आणि ते हुद्दा व सेवाज्येष्ठता पाहून मिळणार. किराणा सरकारी कमिसरीतून, सिनेमा सरकारी क्लबहाउसमध्ये, बाळंतपण सरकारी दवाखान्यात. खासगी दुकान नाही, जमिनीची खरेदी-विक्री नाही, आणि कारभार पाहायला निवडून दिलेला नगराध्यक्ष नव्हे, तर अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलातून आलेला गव्हर्नर. समाजवाद या शब्दाने ज्यांच्या अंगावर काटा येतो, अशा देशाच्या झेंड्याखाली ही व्यवस्था पंचाहत्तर वर्षे सुखाने नांदली, याचे मला अजून नवल वाटते. बाईंना त्यात काही विशेष वाटत नाही. "आम्हाला वाटायचं, जग असंच असतं," एवढेच त्या म्हणतात. त्यांचे वडील मीराफ्लोरेसच्या जलपाशांवर यंत्रकामगार होते. एक हजार फूट लांब आणि एकशे दहा फूट रुंद अशा त्या दगडी-काँक्रीटच्या हौदांतून बोटी वर चढत आणि खाली उतरत, आणि काठावरच्या रुळांवरून त्यांना तोलून धरणाऱ्या विजेच्या इंजिनांना तिथे सगळे 'म्यूल' म्हणत, म्हणजे खेचरे.

बाईंचा जन्म १९४७ चा. बाल्बोआ हायस्कूलमधून त्या १९६५ साली बाहेर पडल्या. माझे त्यांच्याकडे जाणे वाढले ते एका कामामुळे. झोनमधून आलेल्या लोकांनी फ्लोरिडात स्वतःचे एक संग्रहालय चालवले होते. २०१२ मध्ये ते बंद झाले तेव्हा त्यातला संग्रह आमच्या गावच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे आला, आणि जुनी इयरबुके संगणकावर पाहता येऊ लागली. आपल्याकडे शाळेचे वार्षिक अंक निघत, तसेच हे. फरक एवढाच, की यात कविता कमी आणि प्रत्येक विद्यार्थ्याचा फोटो नावासकट. बाल्बोआच्या इयरबुकचे नाव 'झोनियन', म्हणजे झोनचा रहिवासी, आणि कालव्याच्या अटलांटिककडच्या टोकाला असलेल्या क्रिस्तोबाल हायस्कूलच्या इयरबुकचे 'कॅरिबियन'. बाईंची दृष्टी अधू झाली आहे, म्हणून पाने मी उलटायची, फोटो मोठा करायचा, आणि त्यांनी नाकाच्या ठेवणीवरून माणूस ओळखायचा, असा आमचा शनिवारचा परिपाठ झाला.

या शनिवारांमधून मला त्यांची शाळा जी कळली, ती प्रथम पावसाची शाळा होती. पनामात मे ते डिसेंबर पाऊस आणि जानेवारी ते एप्रिल कोरडे दिवस. शाळेचे वेळापत्रक मात्र अमेरिकेचे, त्यामुळे उन्हाळ्याची म्हणून जी मोठी सुट्टी मिळे, ती नेमकी भर पावसात. पुस्तके अमेरिकेतून येत, आणि त्यांत पानगळीची, बर्फाच्या गोळ्यांची, शेकोटीजवळ विणकाम करणाऱ्या आजीची चित्रे असत. फळ्याशेजारी कागदाची लाल-पिवळी पाने कापून लावायची, आणि खिडकीबाहेर बारा महिने हिरवेगार असलेल्या आंब्याकडे पाहत त्यांना ऑक्टोबरची पाने म्हणायचे. शाळा सुटल्यावर त्याच आंब्याच्या कैऱ्या मीठ लावून खायच्या, हे सांगताना बाईंच्या तोंडाला खरोखर पाणी सुटते, आणि या बाबतीत त्यांचे आणि माझे बालपण एकच होते असे म्हणायला हरकत नाही. रस्त्यावर बर्फ किसून त्यावर रंगीत पाक ओतून देणारे गाडीवाले असत. तिथे त्याला 'रास्पादो' म्हणतात. मी म्हटले, आमच्याकडे बर्फाचा गोळा. बर्फ असा दोन्हीकडे फक्त खायचाच होता.

नाताळची सूचिपर्णी झाडेही अमेरिकेतून बोटीने येत. सण सरला की ती घराबाहेर पडत, आणि मग पोरांच्या टोळ्या ती पळवून आपापल्या गुप्त अड्ड्यांवर लपवत. एका टोळीने दुसरीचा साठा चोरायचा, त्यावरून मारामाऱ्या करायच्या, आणि शेवटी जानेवारीच्या एका रात्री मैदानात सगळ्या झाडांची मोठी होळी पेटवायची. हे ऐकताना मला हसू आवरेना. होळीसाठी लाकडे चोरण्याचा अधिकार आपला एकट्याचाच, अशी माझी आजवर समजूत होती.

बाल्बोआ आणि क्रिस्तोबाल या दोन शाळांचे हाडवैर होते. बाल्बोआचे बुलडॉग आणि क्रिस्तोबालचे टायगर्स. फुटबॉलच्या सामन्याला एका महासागराच्या काठावरून दुसऱ्या महासागराच्या काठावर जायचे, आणि तेही पन्नास मैलांच्या आत, म्हणजे दुपारी निघून रात्री परत. इथे भूगोलाची एक खोड सांगायचा मोह आवरत नाही. पनामाची भूमी अशी वळलेली आहे, की कालव्याचे पॅसिफिककडचे तोंड अटलांटिककडच्या तोंडापेक्षा पूर्वेला येते, आणि तिकडच्या किनाऱ्यावर सूर्य पॅसिफिकमधून उगवताना दिसतो. पुस्तकांतल्या अमेरिकेत पॅसिफिक म्हणजे मावळतीचा समुद्र, आणि डोळ्यांसमोर उगवतीचा. बाईंना अमेरिकेत कॉलेजला आल्यावर पहिली दोन वर्षे दिशाच कळत नसत.

१९५४ पासून तिथल्या स्काउट मुलांची एक शर्यत सुरू झाली होती. एका झाडाचे खोड कोरून केलेल्या 'कायुको' नावाच्या होडीतून, चौघांनी वल्ही मारत, अख्खा कालवा या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत पार करायचा. आपला भाऊ त्यात उतरला होता आणि त्याच्या हाताची सालपटे निघाली होती, हे बाई आजही त्याच अभिमानाने सांगतात.

आणि तो कपाटातला दिवा. झोनमधल्या दमट हवेत चामड्याला दोन दिवसांत बुरशी लागे, कपडे चिकट होत, पुस्तकांच्या बांधणीला वास येई. म्हणून प्रत्येक घरात एक 'कोरडे कपाट' असे, त्याच्या तळाशी एक बल्ब रात्रंदिवस जळत असे, आणि त्याच्या उबेने आतले कपडे, जोडे, कॅमेरा, वह्या शाबूत राहत. शाळेचा गणवेश नव्हता, पण वर्गातल्या सगळ्यांच्या कपड्यांना एकच वास येई, असे बाई म्हणतात: गरम बल्बचा आणि किंचित करपलेल्या धुळीचा. भातगिरणीच्या कोंड्याचा, ओल्या इरल्याचा, शेगडीवर वाळवलेल्या फ्रॉकचा वास ज्यांनी घेतला आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

इथपर्यंत सारे गोड होते, आणि मी ते गोड मानूनच ऐकत होते. पण दर शनिवारी पाने उलटताना माझ्या नजरेत एक गोष्ट सलू लागली. १९५० च्या दशकातल्या त्या शेकडो छायाचित्रांत काळा चेहरा दिसत नव्हता. कालवा तर बार्बाडोस आणि जमैकाच्या माणसांनी खणला. एकट्या बार्बाडोसमधून हजारोंनी मजूर कंत्राटावर आले होते. त्यांची मुले-नातवंडे कुठे होती? मी विचारले. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "त्यांच्या शाळा वेगळ्या होत्या."

बांधकामाच्या काळापासून झोनमध्ये दोन हजेरीपट होते. गोल्ड रोल, म्हणजे सोन्याच्या नाण्यांत पगार घेणारे, बहुतेक सगळे गोरे अमेरिकन. आणि सिल्व्हर रोल, म्हणजे चांदीच्या नाण्यांत पगार घेणारे, बहुतेक सगळे वेस्ट इंडीजचे कृष्णवर्णीय. पगाराच्या खिडकीपुरता हा भेद राहिला नाही. पोस्टात दोन दारे, कमिसरी दोन, पिण्याच्या पाण्याचे नळ दोन, गावे दोन, आणि अर्थातच शाळा दोन. वर्णाचा उच्चार न करता वर्णभेद चालवायची ही युक्ती होती: पाटीवर 'काळे' असे कुठेच लिहावे लागत नसे, 'सिल्व्हर' लिहिले की भागत असे. १९४८ मध्ये हे शब्द गेले आणि 'यूएस रेट' व 'लोकल रेट' असे सभ्य शब्द आले. 'सिल्व्हर सिटी' नावाच्या वस्तीचे नाव बदलून 'रेनबो सिटी' झाले. त्या वस्तीतले रंग मात्र नावाइतके बदलले नाहीत.

१९१४ साली, कालवा सुरू झाला त्याच वर्षी, झोनमध्येच जमैकन आईबापांच्या पोटी केनेथ क्लार्क नावाचा मुलगा जन्मला. आई त्याला लहानपणीच न्यूयॉर्कला घेऊन गेली. पुढे तो मानसशास्त्रज्ञ झाला, आणि त्याने व त्याच्या पत्नीने काळ्या मुलांसमोर काळ्या व गोऱ्या बाहुल्या ठेवून जे प्रयोग केले, त्यांचा आधार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे १९५४ मधल्या निकालात घेतला: वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत. आता त्याच वर्षी त्याच्या जन्मभूमीत काय झाले ते पाहा. झोनमधल्या लोकल रेट शाळांचे माध्यम इंग्रजीवरून स्पॅनिश करण्यात आले आणि त्यांना 'लॅटिन अमेरिकन शाळा' असे नाव मिळाले. ही मुले पनामाची नागरिक आहेत, त्यांना पनामाच्या जीवनासाठी तयार करायला हवे, असे कारण पुढे केले गेले, आणि कारण म्हणून ते वाईट नाही. पण ती मुले घरी इंग्रजी बोलत होती, त्यांची प्रार्थना इंग्रजीत होती, त्यांचे शिक्षक इंग्रजीत शिकून शिक्षक झाले होते. त्या शिक्षकांना घाईघाईने स्पॅनिश शिकावे लागले. माध्यमच निराळे झाले की शाळा एकत्र करण्याचा प्रश्न आपोआप मिटतो. मला तरी यात शिक्षणशास्त्रापेक्षा हिशेब अधिक दिसतो. शिवाय याच लोकांना पनामाने १९४१ च्या राज्यघटनेत परके ठरवले होते आणि १९४६ मध्ये पुन्हा आपले म्हटले होते. म्हणजे एका पिढीच्या आत त्यांचे नागरिकत्व एकदा गेले, एकदा आले, आणि मग शाळेची भाषा गेली.

बाईंच्या घरी कामाला येणाऱ्या बाईचे आईवडील बार्बाडोसहून आलेले. तिची मुलगी बाईंच्याच वयाची. दोघी लहानपणी पायऱ्यांखाली खेळल्या होत्या; झोनमधली घरे खांबांवर उभी असत आणि खालची मोकळी जागा पोरांची. शाळेत जायचे वय झाले तेव्हा एक इकडच्या बसमध्ये बसली आणि दुसरी तिकडच्या. "ती इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं लिहायची," बाई म्हणाल्या, "आणि एके वर्षी जूननंतर ती स्पॅनिश शाळेत होती. मी कुणालाही का म्हणून विचारलं नाही. सात वर्षांची होते, हे खरं आहे. पण सतरा वर्षांची झाले तेव्हाही विचारलं नव्हतं."

मी काय बोलणार? आमच्या कॉलनीत ए टाइप, बी टाइप, सी टाइप अशी घरे होती आणि कोण कुणाकडे खेळायला जाणार हे त्या अक्षरांवरून ठरत असे. टेकडीच्या पलीकडे खडी फोडणाऱ्यांची पाले होती. त्यांची मुले पहिली-दुसरीपर्यंत आमच्याच शाळेत, पाठीमागच्या पट्टीवर बसत; चौथीच्या फोटोत त्यांतले एकच पोर आहे, आणि पाचवीच्या फोटोत एकही नाही. तो फोटो माझ्याकडे वर्षानुवर्षे आहे. त्यात मी स्वतःला शंभरदा पाहिले असेल. कोण नाही हे मी पहिल्यांदा मोजले ते बाईंच्या इयरबुकची पाने उलटून घरी आल्यावर.

१९६४ चे 'झोनियन' उघडायचे आम्ही बरेच दिवस टाळले. त्या वेळी बाई अकरावीत होत्या. झोनमध्ये पनामाचाही झेंडा फडकवावा ही पनामाची मागणी जुनी होती, आणि १९६३ मध्ये अमेरिकेने तत्त्वतः मान्य केले होते, की जिथे अमेरिकेचा झेंडा नागरी जागेवर लागेल तिथे पनामाचाही लागेल. झोनच्या रहिवाशांना हे मानवले नाही. गव्हर्नरने तोड काढली: शाळांबाहेर कुठलाच झेंडा लावायचा नाही. ७ जानेवारी १९६४ रोजी बाल्बोआ हायस्कूलच्या मुलांनी शाळेसमोरच्या खांबावर अमेरिकेचा झेंडा चढवला. अधिकाऱ्यांनी उतरवला, मुलांनी पुन्हा चढवला. मग रात्रभर खांबाभोवती पहारा बसला आणि शेजारपाजारच्या वडीलधाऱ्यांनी पहारेकऱ्यांना खायला आणून दिले. बाई त्या गर्दीत होत्या. "सहलीसारखं वाटत होतं," त्या म्हणाल्या. "कुणीतरी सँडविच आणली होती. आम्ही गाणी म्हणत होतो."

बाल्बोआ हायस्कूलपासून चालत जाण्याच्या अंतरावर, झोनच्या हद्दीला अगदी लागून, पनामा सिटीतली दुसरी एक शाळा होती: इन्स्तितुतो नासिओनाल. तिथल्या मुलांचा बाणा असा, की शाळेला 'गरुडांचे घरटे' म्हणत. ९ जानेवारीच्या दुपारी तिथले दीडदोनशे विद्यार्थी आपला झेंडा घेऊन, शिस्तीत, बाल्बोआकडे निघाले. हा झेंडा साधा नव्हता. १९४७ मध्ये अमेरिकी लष्करी तळांविरुद्ध जी निदर्शने झाली, त्यांत तो फिरला होता, आणि शाळेने तो जपला होता. पाचसहा जणांनी पुढे होऊन खांबापाशी आपला झेंडा दाखवावा आणि राष्ट्रगीत म्हणून परत जावे, असे पोलिसांशी ठरले. समोर काहीशे झोनियन मुले आणि मोठी माणसे होती. गराडा पडला, धक्काबुक्की झाली आणि तो झेंडा फाटला. कसा आणि कुणाच्या हातून, यावर दोन बाजूंचे आजही एकमत नाही. संध्याकाळपर्यंत हद्दीवरच्या रस्त्यावर हजारो लोक जमले, दगड आले, गोळ्या आल्या. पुढच्या तीनचार दिवसांत वीसहून अधिक पनामावासी आणि चार अमेरिकी सैनिक मेले. वीस वर्षांचा अस्कानिओ आरोसेमेना हा विद्यार्थी पहिल्याच संध्याकाळी गोळी लागून गेला. पनामाने अमेरिकेशी संबंध तोडले, आणि त्या वर्षाच्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नवा करार करण्याची तयारी जाहीर केली. हद्दीवरच्या त्या रस्त्याचे नाव 'चार जुलै' होते. आज त्याचे नाव हुतात्म्यांचा मार्ग असे आहे.

बाई ९ तारखेला तिथे नव्हत्या. दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या, आणि ही गोष्ट त्या आजही काहीशा सुटकेने सांगतात. पण त्यांना छळते ती ७ तारीख. "दोन शाळांमध्ये एक टेकडी आणि एक कुंपण होतं," त्या एकदा म्हणाल्या. "बारा वर्षांत मी त्या शाळेतल्या एकाही मुलाशी बोलले नव्हते. स्पॅनिशमध्ये मला 'ए' होता."

त्यानंतरची पंधरा वर्षे झोन उभा होता, पण बाईंचा त्याच्याशी संबंध सुट्टीपुरता, आणि मग तेवढाही राहिला नाही. कारण वडील निवृत्त झाले, आणि निवृत्त माणसाने घराची किल्ली देऊन झोन सोडायचा हा नियम होता. तीस वर्षे ज्या गावात काढली, तिथे पेन्शनीवर राहायची सोय नव्हती. आमच्या वडिलांनी क्वार्टर सोडले तेव्हा सामानाची यादी करायला एक कारकून आला होता, आणि त्याने न्हाणीघरातला एक नळ कमी आहे म्हणून शेरा मारला होता. तो शेरा आईने मरेपर्यंत विसरला नाही. बाईंच्या आईने किल्ली देण्याआधी घराच्या सगळ्या फरशा गुडघ्यांवर बसून पुसल्या. का, तर पुढच्याने नाव ठेवू नये. बायका सगळीकडे सारख्याच.

१९७७ च्या सप्टेंबरात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टर आणि पनामाचे नेते तोरिहोस यांनी नव्या करारांवर सह्या केल्या. म्हणजे मी नकाशात तो देश शोधत होते, तेव्हाच त्याचा हिशेब मिटवला जात होता. १ ऑक्टोबर १९७९ रोजी झोन संपला, पोस्टाची तिकिटे संपली, शाळा अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे गेल्या, आणि ३१ डिसेंबर १९९९ च्या दुपारी बारा वाजता कालवा पनामाचा झाला. बाल्बोआ हायस्कूल त्याच वर्षी बंद झाले. ते चांगले झाले का, या प्रश्नावर झोनियन मंडळींच्या संमेलनात अजून आवाज चढतात. दरवर्षी उन्हाळ्यात फ्लोरिडात त्यांचा मेळावा भरतो. पूर्वी मुलांच्या बरोबर नातवंडे येत, आता नातवंडेच आजीआजोबांच्या चाकांच्या खुर्च्या ढकलत आणतात. मी एकदा बाईंची सोबत म्हणून गेले होते. एका टेबलाशी सगळे बुलडॉगांची घोषणा देत होते आणि शेजारच्या टेबलाशी कुणीतरी रडत होते. एक गृहस्थ मला फार तावातावाने सांगत होते, की आम्ही कुणाची जमीन घेतली नव्हती, तिथे जंगलच होते. मी जलाशयाखाली गेलेल्या गावांचे विचारले नाही. आमच्या धरणाखाली गेलेल्या गावांबद्दल बोलताना वडीलही हेच म्हणत: "होतं काय तिथं? नुसती नाचणी."

२००६ मध्ये बाई एकदा बाल्बोआला जाऊन आल्या. त्यांचे घर आता एका पनामाच्या डॉक्टर कुटुंबाचे आहे, खालची मोकळी जागा भिंती घालून बंद केली आहे, आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नाही, फक्त पोरे खेळतात कुठे असा प्रश्न आहे. शाळेची इमारत शाबूत आहे. तिथे कालवा प्राधिकरणाचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि त्याला अस्कानिओ आरोसेमेनाचे नाव आहे. झेंड्याचा खांब होता तिथे स्मारक आहे, खांबांवर मृतांची नावे आहेत, मध्ये ज्योत तेवत असते. बाईंनी ती नावे एकेक करून वाचली. काहींपुढे त्या अंमळ थांबल्या, कारण ती वयाने त्यांच्या वर्गात शोभली असती. फाटकावरच्या रखवालदाराने काय काम आहे असे विचारल्यावर त्यांनी शाळेत शिकलेल्या व्याकरणशुद्ध स्पॅनिशमध्ये सांगितले, की मी इथली विद्यार्थिनी आहे. तो विनयाने म्हणाला, प्रशिक्षणाची तुकडी सोमवारपासून आहे. बाईंनी त्याची चूक सुधारली नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्या मराठी पुस्तकांना बुरशी धरली. गेन्सव्हिलची हवा ऑगस्टमध्ये कोकणाहून वाईट, आणि वातानुकूलन बिघडले की आठवड्यात पाने चिकटतात. मी कपाटात एक एलईडी दिवा लावून ठेवला आणि बाईंना कौतुकाने दाखवला. त्यांनी हात लावून पाहिला आणि मान हलवली. "हा थंड आहे. याचा उपयोग नाही." तारेचे जुने बल्ब आता अमेरिकेत दुकानांत मिळत नाहीत, तो नियम येणार असे कळले, तेव्हाच त्यांनी खोकाभर विकत घेऊन ठेवले होते. त्यांतला चाळीस वॅटचा एक त्यांनी आणून दिला, होल्डर कपाटाच्या तळाशी कुठे बसवायचा ते दाखवले, आणि पुस्तकांचे कणे त्याच्यापासून वीतभर लांब राहतील असे मला लावायला लावले. दुसऱ्या दिवशी दार उघडले तर उबदार वास आला, किंचित करपलेल्या धुळीचा.